बिच्चु म्हणजे विंचू नव्हे

मंगळवारी दुपारी सोमूचा फोन आला तेव्हा मी काजू सोलत होते. चंदगडात घराच्या मागं आमचं काजूचं लहानसं युनिट आहे. फोन खांद्यानं गालाशी दाबून धरला आणि म्हटलं, "बोल रे."

"आक्का, आईला विंचू दिसायला लागल्यात."

"काय दिसायला लागलंय?"

"विंचू! कालपासनं विंचू, विंचू करतीया. हाताकडं बघती न् परत तेच. नाकातली नळी दोनदा उपसून काढली म्हणून काल हात बांधला, तर हे नवीन सुरू झालंय. डॉक्टर म्हणत्यात, मेंदूला मार बसला की असले भास हुत्यात. झोपेचं इंजेक्शन द्यावं म्हणत्यात. देऊ दे का?"

"भीत असंल तर द्या म्हणावं," मी म्हटलं. "उगं घाबरून मरायला नको ती."

हे मी बोलले. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला माझी दया यायची.

आईला रविवारी सकाळी झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. जिवाचा धोका टळलाय, दमानं ये, असं सोमूच म्हणाला होता. मी दमानंच जाणार होते, कारण कामाच्या दोघी बायका भात लावायला गेल्या होत्या आणि माल पाठवायचा राहिला होता. माणसाला न जायला कारणं मिळतात. शोधावीही लागत नाहीत.

आई विंचू म्हणत नव्हती. ती 'बिच्चु' म्हणत होती. बिच्चु म्हणजे कानडीत सोड. गाठ सोड, पिशवीचं तोंड सोड, बांधलेलं जे काही असेल ते मोकळं कर. विंचवाला कानडीत चेळु म्हणतात, त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. पण झटक्यानं तिची सगळी मराठी पुसून नेली आणि माहेरची कानडी तेवढी मागं ठेवली. माझ्या भावाला कानडीतलं ओ की ठो कळत नाही. डॉक्टरांना नाही, सिस्टरला नाही. तो शब्द ज्यांना कळला असता अशा दोनच व्यक्ती आमच्या घरात होत्या. वडील जाऊन बारा वर्षं झाली. आणि दुसरी फोनवर होती.

मला तो शब्द कधी विसरता येऊ नये अशी व्यवस्था सातव्या वर्षीच झाली होती. एका बुटाच्या नाडीनं.

आई संकेश्वरची. गंगव्वा. लग्न होऊन कोल्हापुरात शाहूपुरीत आली. वडिलांचं, म्हणजे शिवपुत्राप्पांचं, सुतळी आणि बारदानाचं दुकान होतं. आम्ही लिंगायत, वडील गिऱ्हाईक बघून भाषा बदलायचे. आईला गिऱ्हाईक नव्हतं, ती आपली एकच बोलायची. मी तिला अव्वा म्हणायचे, ती मला निलव्वा. माझं नाव निलांबिका आहे; एवढं मोठं नाव आमच्याकडं फक्त पत्रिकेवर छापायला वापरतात.

दुसरीत होते. पंधरा ऑगस्टच्या कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे झाले. नाडीवाले. आमच्या घरात तोवर नाडीचा बूट आलेला नव्हता. कोल्हापूरचा पाय तो, त्याला चपलेची सवय. बुटात घातला की बिचारा पाहुण्याच्या घरी गेल्यासारखा अवघडून बसतो. पहिल्या दिवशी वडिलांनी हौसेनं नाडी बांधून दिली. त्यांना गाठ येत होती ती पोत्याच्या तोंडाची, ट्रकमधनं खाली फेकलं तरी न सुटणारी. संध्याकाळी सुरीनं नाडी कापून मला बुटातनं बाहेर काढावं लागलं.

मग अव्वानं काम हातात घेतलं. तिला परकराच्या नाडीचा अनुभव होता, आणि तेवढा पुरे होता. समोर बसून दाखवलं तर उलटं दिसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच कळलं. मला मांडीत घेऊन बसायची. तिचे हात माझ्या काखेतनं पुढं यायचे, हनुवटी माझ्या डोक्यावर. म्हणजे खाली बघितलं की चार हात दिसायचे आणि त्यातले आपले कुठले हे क्षणभर कळायचं नाही. "कट्टु," ती म्हणायची. बांध. मी बांधायचे. लगेच, "बिच्चु." सोड. मला राग यायचा. एवढं बांधलेलं सोडायचं कशाला? तर ती म्हणायची, कानडीतच म्हणायची, की बांधायला काय, तुझ्या बापालाही येतं. सुटली पाहिजे. ओढलं की सुटते ती सुरगाठ, आणि बाईच्या जातीला सुरगाठच लागते. निरगाठ गुरांना न् पोत्यांना.

आठ दिवस आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हेच केलं. कट्टु, बिच्चु. नवव्या दिवशी मला आली. तिनं माझा तो बूट घातलेला पाय उचलून दुकानात नेऊन वडिलांना दाखवला. मी त्याला जोडलेली होते म्हणून मीही गेले.

पंधरा ऑगस्टला मी शहाणपणा केला. कवायतीत सुटली तर काय, या भीतीनं घरातनं निघताना तिच्या सुरगाठीवर आणखी एक निरगाठ मारली. आवळून. मैदानावर पोचेपर्यंत पाय ठणकायला लागला. रांगा लागल्या होत्या, पाहुणे यायचे होते. मी वाकून ओढायला लागले, तशी ती आणखी आवळली. आया सगळ्या कडेला दोरीपलीकडं उभ्या होत्या. अव्वा दोरीखालनं आत आली. नवं लुगडं, मैदानात चिखल, तशीच माझ्या पायाशी बसली.

"यळिब्याड, निलव्वा," ती म्हणाली. ओढू नको. आणि मग, मोठ्यानं, कारण बँड वाजत होता, "बिच्चु! बिच्चु!"

माझ्या मागं घाटग्यांची राजनंदिनी उभी होती. आमच्या भागात विंचवाला इच्चू म्हणतात. ती उडालीच. "इच्चू! बाई, हिच्या बुटात इच्चू हाय!"

रांग फुटली. पोरी किंचाळत पळाल्या, दोघीतिघी पडल्या, बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. मध्ये आम्ही दोघीच उरलो. अव्वानं माझ्याकडं बघितलं. तिला काय झालं ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं. सात वर्षांच्या पोरीला सगळं कळतं. एकच वाक्य बोलायचं होतं: इच्चू न्हाई गं, माझी आई कानडी बोलतीया.

त्या शाळेत कानडी बोलणाऱ्याला 'यंडुगुंडू' म्हणायचे. मी ते वाक्य बोलले नाही. मी पण किंचाळले. "इच्चू! इच्चू!"

ती माझ्याकडं बघत राहिली. फार नाही, नाडी सोडायला लागतो तेवढा वेळ. मग तिनं गाठीसकट बूट माझ्या पायातनं ओढून काढला, उलटा करून झाडला, जमिनीवर दोनदा आपटला आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत सगळ्यांना सांगितलं, "गेली. इच्चू गेली. भिऊ नका."

पोरी हसल्या. गेला म्हणायच्या जागी गेली म्हणाली म्हणून.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं की शाळेत यायचं नाही. आणि आलीस तर ते बोलायचं नाही. 'ते' म्हणजे काय हे तिनं विचारलं नाही. "बरं," म्हणाली. मराठीत.

मला वाटलं, शाळेपुरतं सांगितलंय. तिनं शाळेपुरतं ऐकलं नाही. आधी रस्त्यात बंद झालं, मग दारात, मग शेजारीण आली की. त्या थंडीत सोमू झाला. त्याला तिनं मराठीत झोपवलं, चुकत-माकत, शेजारणीकडनं ओव्या शिकून. वडील कानडीत बोलले तरी ती मराठीत उत्तर द्यायची. दोनचार वर्षांत तिची मराठी एवढी सुधारली की भाजीवालीला कोल्हापुरी शिव्या घालायला लागली. गल्लीत तिला गंगूबाई म्हणायला लागले. मी तिला आई म्हणायला लागले. घरात कानडी होती हे सोमूला कोणी सांगितलंच नाही. आणि माझी कानडी, वापर नसलेल्या नळाला गंज चढतो तशी, कधी गेली ते मलाही कळलं नाही.

गुरुवारी पहाटेच्या एस.टी.नं कोल्हापूरला निघाले. गडहिंग्लज झालं, संकेश्वर आलं. तिचं गाव. बस दहा मिनिटं थांबली. समोर दुकानांच्या पाट्या होत्या, वाटोळी अक्षरं. मला एकही वाचता आलं नाही.

वॉर्डाच्या दारात चिमणाबाई मावशी भेटली, तिथली आया. "म्हातारीची थोरली लेक न्हवं तुमी? बरं झालं आलासा. इच्चवाचा मंतर येतुय काय तुमास्नी? आमी दमलो बगा."

मी हसले. खरंच हसले.

आई झोपलेली होती, इंजेक्शनवर. एवढीशी दिसत होती. उजवा हात ठेवला तिथं पडलेला. सगळ्या अंगात डावा हात तेवढा जिता होता, आणि तो कॉटच्या दांडीला पट्टीच्या कापडानं बांधलेला होता. मनगटावर लाल वळ. सोमू दोन दिवस झोपला नव्हता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, तोंड शाळा चुकवलेल्या पोरासारखं झालेलं.

चारच्या सुमाराला तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं नाही. हाताकडं बघितलं. ओठ एका बाजूला ओढलेले होते, पण शब्द स्वच्छ आला.

"बिच्चु."

"बघ," सोमू म्हणाला. "परत विंचू."

मी कॉटची दांडी धरली.

"सोमू, ती सोड म्हणतीया."

"काय?"

"हात सोडा म्हणतीया. कानडी हाय ते. बिच्चु म्हंजे सोडा."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तीन दिवस ती सोडा म्हणत हुती?"

"व्हय."

"आणि आम्ही तिला झोपवत हुतो." त्यानं बांधलेल्या हाताकडं बघितलं. "आक्का, पण मी तुला फोनवर..." आणि तिथंच थांबला. माझा भाऊ चांगला आहे. त्यानं ते वाक्य आजवर पुरं केलेलं नाही.

पट्टीला निरगाठ होती. घामानं आवळलेली, सुटता सुटेना. मी नखानं काढली, मग दातानं. सिस्टर धावत आली.

"कुणी सोडायला सांगितलं? नळी काढली तर परत आम्हालाच घालावी लागती. त्रास तुमच्याच पेशंटला होतो, मावशी."

"मी हात धरून बसते."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"सही करा मग. तुमच्या जबाबदारीवर."

सही केली. ती जबाबदारी तशीही माझीच होती, फक्त कागद उशिरा मिळाला.

सुटलेल्या हातानं आईनं काय केलं असेल? नाक खाजवलं. नळी चिकटवलेल्या पट्टीच्या कडेनं, हळूहळू, डोळे मिटून, किती तरी वेळ. नळीला हातही लावला नाही. तीन दिवसांची खाज होती ती. मग हात खाली आला आणि मी तो धरला.

तिथून मी हलले नाही. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, फार मोठी नव्हती. त्या दिवशी इच्चू नव्हता हे मला माहीत होतं, मी मुद्दाम ओरडले, आणि परवा फोनवर पुन्हा तेच केलं. माझं चुकलं, आणि तुला वाटेल ते, वाटेल त्या भाषेत बोल. एवढंच. पण मराठीत म्हटलं की ती छताकडं बघायची. माझ्याजवळ कानडी उरली होती ती पाणी, जेवण, ये, बस, पुरे. एवढ्यात माणूस पाहुणा घरी आणू शकतो, माफी मागू शकत नाही. शुक्रवारी मोबाईलवर भाषांतर काढलं. मोबाईल खणखणीत आवाजात बोलला, बेळगाव स्टेशनावर गाडी उशिरा येत असल्यासारखा. आईनं त्याच्याकडं संशयानं बघितलं आणि तोंड फिरवलं.

"राहू दे गं," सोमू म्हणाला. "तिला कळलंय असंल की."

"तुला कसं ठाऊक?"

"मला न्हाई ठाऊक. बरं वाटावं म्हणून म्हणलं."

शनिवारी सकाळी शेजारच्या कॉटवर निपाणीकडची एक म्हातारी आली, मांडीचं हाड मोडलेली. बरोबर तिची सून, शांतव्वा. चाळिशीची, ठसठशीत, आणि आवाज असा की फोनची गरज नसावी. तरी ती फोनवर बोलायला लागली. कानडीत.

आईची मान वळली. सहा दिवसांत पहिल्यांदा तिनं आपण होऊन कशाकडं तरी बघितलं. तिचा हात माझ्या हातात कसासाच झाला, मासळी हलते तसा.

मी शांतव्वाला गाठलं. "बाई, एक काम करा. माझ्या आईशी जरा कानडीत बोला."

"तुमी बोला की! लेक न्हवं?"

"मला येत नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आईला येतंय न् लेकीला येत न्हाई? हे वो कसलं?"

"तेच सांगायचंय तिला," मी म्हटलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. नाडी, निरगाठ, इच्चू, फोन. ती आधी मोठ्यानं हसली, इच्चवापाशी. पुढं हसली नाही. पदर खोचून आईच्या कॉटवरच बसली आणि बोलायला लागली. "यव्वा," म्हणाली, आणि पुढं पुष्कळ काही. माझं नाव त्यात आलं, बिच्चु आलं, संकेश्वर आलं. आईचे डोळे तिच्या तोंडावर चिकटले होते. त्या डोळ्यांत काय आलं ते मी सांगू शकत नाही; एवढं सांगते की माझ्याकडं बघताना मी तिथं ते कधी पाहिलं नव्हतं.

मग आई बोलली. हळू, वाकड्या ओठांतनं, दोनतीन शब्द. शांतव्वानं कान तिच्या तोंडाशी नेला. आई पुन्हा बोलली.

शांतव्वा सरळ होऊन बसली.

"काय म्हणाली?"

"काय न्हाई वो. म्हातारं माणूस. उगं आपलं काय तरी."

"सांगा."

तिनं पदर सारखा केला. "म्हणत्यात, हळू बोल. माझ्या लेकीला आवडत न्हाई. ती इथंच कुटं तरी हाय, ऐकंल."

मी म्हटलं, "तिला सांगा, ती लेक मीच. सांगा, मला आवडतं."

शांतव्वानं सांगितलं. माझ्याकडं बोट केलं. आईनं मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं. बावन्न वर्षांची बाई, केस पिकलेले, काजूच्या चिकानं बोटं काळी. दुसऱ्याच्या पाहुण्याकडं बघावं तसं बघितलं, बिनरागाचं. मग माझ्या हातातला आपला हात तिनं सोडवून घेतला, ओठांशी नेला आणि शांतव्वाला खूण केली. गप.

आणि गप्पच झाली. शांतव्वानं दोनदा काही विचारलं, तिनं डोळ्यांनीच माझ्याकडं दाखवलं आणि ओठ मिटून घेतले. पण नजर शांतव्वाच्या तोंडावरनं हलेना. बोलायचं होतं तिला. पंचेचाळीस वर्षांचं साठलेलं होतं, आणि वेळ किती उरलाय हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मी उठले. "तुम्ही बसा हितं," मी शांतव्वाला म्हटलं. "हात तेवढा धरून ठेवा, बांधू देऊ नका कुणाला. मी बाहेर थांबते."

"अवो, पण तुमाला ऐकायचं हुतं न्हवं?"

"मी असले की ती बोलायची न्हाई."

मी पडदा ओढला आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर येऊन बसले. सोमू चहा घेऊन आला, "आत कोण हाय?" म्हणाला. मी त्याला बस म्हटलं. थोडा वेळ आतनं काहीच ऐकू आलं नाही. मग शांतव्वाचा आवाज, दबका. मग आईचा. आधी थांबत थांबत, मग जरा मोठा. एकदा ती हसल्यासारखीही वाटली.

"काय म्हणतीया?" सोमूनं विचारलं.

मी कान देऊन ऐकत होते. मला काही कळत नव्हतं.